ताई, माझा चिंचोका जड होता

ताई, आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कधी उमगलं नाही. आता तर हाताला लाटण्याची इतकी सवय झाली आहे की पेन धरला की बोटं आखडतात. अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आलं आहे. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असता, "वाचता येतंय हिरा, पुढे लिही." म्हणून पुढे लिहिते.

हे कोणाला दाखवायचं नाही. तुम्ही गेल्यापासून मी कोणाशी धड बोललेले नाही, म्हणून लिहायला बसले. तशी मी आधीही बोलणारी नव्हते. तुमच्यासमोरसुद्धा मनातलं तोंडात यायला मला एक दिवस लागायचा. तुम्ही आज विचारलेल्याचं उत्तर मी उद्या पोळ्या लाटताना द्यायचे, आणि तुम्हाला कालचा प्रश्न बरोबर आठवत असायचा. "अच्छा, ते कालचं," असं म्हणून तुम्ही स्टूल ओढून बसायच्या. एवढी वाट बघणारं माणूस मला दुसरं मिळालं नाही.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. बाकी जे लिहीन ते त्याच्या आजूबाजूचं.

गावात म्हणतात, हिरा मॅडमच्या घरात राहायला गेली आणि मॅडम गेल्या. तुमचे दिवस झाल्यावर मी माझ्या घरी परत आले, तेव्हा माझी जाऊ नळावर शेजारणीला सांगत होती. मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

"मी म्हनलं व्हतं का न्हाई? तिचा पाय लागला की त्यो उंबरा राहात न्हाई."

"आगं, पन मॅडमचं वय बी झालं व्हतं की."

"वय समद्यांचंच व्हतंय. पाय तिचाच हाय."

मी हंडा तसाच अर्धा उचलून घरात आले. ताई, हे खरं आहे का? तुम्ही दोन वर्षं मला याच्या उलटं शिकवलंत. मला ते पटत आलं होतं. आणि मग तुम्हीच असं केलंत.

तुम्ही कुसगावात राहायला आलात तेव्हा मला तुमची भीती वाटली होती. पुण्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होत्या, आता रिटायर झाल्या, हवा चांगली म्हणून खालचा मजला भाड्यानं घेतला, एवढं बंगल्याच्या मालकानं सांगितलं. मी तोवर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या बंगल्यांवर पोळ्या करायचे. मानसशास्त्र म्हणजे तोंडाकडे बघून मनातलं ओळखतात अशी माझी समजूत. म्हणून तुमच्याकडे लागल्यावर पहिले काही दिवस मी खाली मान घालूनच काम केलं. तुम्ही विचारलंत, "मान दुखते का तुझी?" मी मान हलवली. मग दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की चहा सांडला.

"अगं, मला माझ्या सख्ख्या भावाच्या मनातलं कधी कळलं नाही. तुझ्या काय कळणार? मी एकाच्या मनात शिरत नाही. पुष्कळ माणसांना विचारते, आणि कुठल्या दोन गोष्टी जोडीनं दिसतात ते बघते."

"जोडीनं म्हंजे?"

"एक वाढली की दुसरीही वाढते. किंवा एक वाढली की दुसरी कमी होते. त्याला सहसंबंध म्हणतात."

तो शब्द माझ्या तोंडात कधी नीट बसला नाही. मी आपलं 'जोडी' म्हणत राहिले, आणि पुढे पुढे तुम्हीपण जोडीच म्हणायला लागलात. आणखी एक म्हणालात, "मला मॅडम नको म्हणूस. ताई म्हण."

वरच्या वाड्यांवरच्या बायकांना तुम्हाला एकटेपणाबद्दल विचारायचं होतं. अनोळखी बाई दारात आली की त्या आत जातात, म्हणून मला सोबत नेलंत. मी काय बोलणार होते? मी फक्त दारात उभी राहायचे आणि माझ्याकडे बघून त्या बाहेर यायच्या. तुमचे प्रश्न सोपे होते. झोप किती लागते आणि एकटं किती वाटतं. पण उत्तर एक ते पाच आकड्यांत सांगा म्हटलं की बायका लाजायच्या, नाहीतर "तुमीच लिवा काय ते" म्हणायच्या. मग तुम्ही चिंचोके आणि स्टीलची वाटी आणलीत. एकटं जितकं वाटतं तितके चिंचोके वाटीत टाका, अजिबात वाटत नसेल तर वाटी तशीच परत द्या.

त्या दिवशी आपण घरोघरी फिरलो. परत येताना तुमचा चेहरा उतरला होता. एकही वाटी रिकामी आली नव्हती. म्हणालात, "हिरा, या डोंगरात एकही बाई अशी नाही की जिला एकटं वाटत नाही. मी इतकी वर्षं शिकवलं, पण असं कधी पाहिलं नाही." बांधावर बसून राहिलात. मलाही वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, बरंपण वाटलं. मी एकटीच तशी नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांकडे गेलो तर ठकूबाई शेळ्या घेऊन निघाल्या होत्या. ठकूबाई म्हणजे त्या वाडीचं तोंड. त्यांनी वाटी घेतली, हसत हसत दोन चिंचोके टाकले आणि म्हणाल्या, "मला कसलं एकटं वाटतंय? ह्या शेरड्या बसू देत्यात का?"

तुम्ही म्हणालात, "मग चिंचोके का टाकले आजी?"

"आता बया! भरल्या घरातनं रिकामी वाटी माघारी धाडू व्हय? तू काय माझी दुश्मन हायेस का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी पदर तोंडाला लावला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्यात लहान पोरीलाही माहीत असतं. मी स्वतः आयुष्यभर तेच करत आले, पण चिंचोक्यांच्या बाबतीत ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. बायकांनी एकटेपण नव्हतं मोजलं, रीत पाळली होती. तुम्ही तिथेच वाटी पिशवीत टाकलीत. "सगळं पुन्हा," म्हणालात, आणि चेहरा असा उजळला की जणू कोणी बक्षीस दिलंय. मग आपण परत सगळ्या घरी गेलो आणि जमिनीवर चिंचोके मांडायला सांगितले. या वेळी कितीतरी बायकांनी एकही मांडला नाही.

घरी आल्यावर तुम्ही बाहेरच्या ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर खडूनं दोन रेघा ओढल्यात. आडवीवर झोप, उभीवर एकटेपण. प्रत्येक बाईचा एक चिंचोका. तिची झोप जितकी तितकं उजवीकडे जायचं, एकटेपण जितकं तितकं वर चढायचं. तुम्ही कागदावरून वाचत होता आणि मी चिंचोके ठेवत होते. सगळे ठेवून झाल्यावर मी उभी राहिले आणि बघितलं तर ते डावीकडे वरून उजवीकडे खाली असे उतरत गेले होते, घाट उतरतो तसे. झोप कमी तिथे एकटेपण जास्त. एकटीदुकटी बाई बाजूला होती. ठकूबाईंची झोप थोडीच, तरी त्या खाली कोपऱ्यात एकट्याच मजेत बसल्या होत्या.

"म्हंजे एकटं वाटतंय म्हनून झोप येत न्हाई," मी म्हणाले.

"किंवा झोप येत नाही म्हणून एकटं वाटतं."

"दोन्ही आसंल."

"असेल. किंवा तिसरंच काहीतरी असेल, दुखणं म्हण, काळजी म्हण, जे दोन्हीकडे बोट लावून गेलंय. हे चिंचोके त्यातलं काहीच सांगत नाहीत. दोघं जोडीनं चालतात एवढंच सांगतात."

मी म्हणाले, "मंग एवढी मांडामांड कशापायी?"

तुम्ही कपाळाला हात लावलात. "माझे विद्यार्थी हे विचारायला तीन वर्षं घ्यायचे," म्हणालात. मग मला समजावलंत. जोडी दिसली की कुठे शोधायचं ते कळतं, कोणाकडे आधी जायचं ते कळतं. ज्या बाईला झोप नाही तिच्याशी बसून बोलावं, एवढं तरी कळतं. पण कोणामुळे काय झालं हे त्यावरून कोणाच्या माथी मारायचं नाही.

नळावरून मात्र आपलं वाजलं. ज्यांच्या दारात नळ आला त्या बायकांनी जास्त चिंचोके मांडले होते, विहिरीवर जाणाऱ्यांनी कमी. मी लगेच म्हणाले, नळानं बायका एकट्या पाडल्या. विहिरीवर चार बोलणी व्हायची, ती गेली. तुम्ही विचारलंत, नळ कोणाकडे आला? मी आठवायला लागले. ज्यांची पोरं तळेगाव-चाकणला कंपनीत लागली, त्यांनी पैसे भरले, त्यांच्याकडे आला. "आणि ती पोरं आता राहतात कुठं?" "तिकडंच," मी म्हणाले. पोरगं गेलं म्हणून पैसे आले आणि नळ आला. पोरगं गेलं म्हणूनच घर ओस पडलं. नळ बिचारा तिथे नुसता उभा होता.

तरी मी म्हणाले की थोडं तरी विहिरीचं असणार. तुम्ही म्हणालात की मलाही तसं वाटतं, पण मला वाटतं म्हणून लिहिता येणार नाही. मी तुमच्यावर दिवसभर रुसले. तो वाद तसाच राहिला ताई. मला अजून वाटतं विहिरीचं थोडं असणार.

माझी गोष्ट बाहेर आली ती हळदीच्या निमित्तानं. ठकूबाईंच्या नातीची हळद होती, दोघींना आवतण होतं. तुम्ही साडी काढून ठेवलीत, आणि मी सांगितलं, मला ताप आहे. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून बघितलंत. मग एकट्याच गेलात. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. मी पांढऱ्या पायाची आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझे मालक गेले, कंपनीतून सायकलवर येताना, हायवेला. त्या वर्षी दारातली म्हैस गेली. पुढे माहेरी, कान्हे गावी, भावाच्या लग्नात उभी राहिले, तर वहिनीचं पहिलं मूल राहिलं नाही. सासूबाईंनी तोंडावर सांगितलं, आईनं न सांगता मला पुढच्या कार्याला बोलावणं बंद केलं. तेव्हापासून मी हळदीला जात नाही, बारशाला जात नाही, पोटुशी बाई समोर आली तर वाट बदलते. लोकांना वाटतं मी लाजरी आहे. लाजरी आहेच. पण सगळंच काही लाजणं नव्हतं.

तुम्ही "काय खुळेपणा" असं म्हणाला नाहीत. दुसरं कोणी शिकलेलं माणूस असतं तर तेच म्हणालं असतं. तुम्ही गॅस बंद केलात आणि मला हाताला धरून बाहेर ओट्यावर नेलंत. चार फरश्या दाखवल्यात. "या फरशीवर, तू गेलीस आणि वाईट झालं. या फरशीवर, तू गेलीस आणि काही झालं नाही. इथे, तू गेली नाहीस तरी वाईट झालं. इथे, तू नव्हतीस आणि काही झालं नाही. आठव आणि ठेव."

पहिल्या फरशीवर मी पटापट ठेवले. ते तोंडपाठ होते, गावानंच पाठ करून घेतले होते. दुसऱ्या फरशीला हात थांबला. तुम्ही विचारत गेलात. लग्नाआधी किती लग्नांत नाचलीस? इतकी वर्षं बंगल्यांवर गेलीस, ते बंगले पडले का? वाडीतल्या किती घरांत आपण गेलो? ठकूबाईंच्या घरात बसून चहा प्यायलीस ना? शिरगावला साईबाबांच्या देवळात किती गर्दीत उभी राहतेस, ती माणसं मेली का? मी ठेवत गेले, ठेवत गेले, आणि ती फरशी भरून चिंचोके शेजारच्या फरशीवर घरंगळायला लागले. मग तिसरी. जिथे मी पाऊलही टाकलं नाही तिथली मयतं. तीही थोडी नव्हती.

"गावानं एकच फरशी बघितली हिरा," तुम्ही म्हणालात. "तूपण."

मी रडले. बरं वाटून रडले. पण नंतर पहिल्या फरशीवरचा एक चिंचोका मी उचलला, मालकांचा. तुमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुमी समदे सारखे धरले. ह्यो सारखा न्हाई. ह्यो जड हाय."

तुम्ही तो मुठीत मिटून घेतलात. त्या दिवशी मी घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी पीठ मळत असताना तुम्ही स्टूल ओढून बसलात. "ते कालचं," म्हणालात. या वेळी उत्तर तुमचं होतं. "माझी पद्धत पुष्कळ माणसांबद्दल सांगते. एकटीच्या उरात काय आहे ते तिला दिसत नाही. मला मोजता येतं फक्त."

"मंग सोसायचं कुनी शिकवायचं?"

"ते मलाही कोणी शिकवलं नाही. बघू."

बघू म्हणालात ताई. ते बघायचं राहिलं.

त्याच सुमाराला माझ्या घराचे पत्रे वाऱ्यानं उचकटले आणि तुम्ही नव्या पत्र्यांचे पैसे दिलेत. मी म्हणाले, फेडीन. तुम्ही म्हणालात, फेड. महिन्याच्या महिन्याला मी पैसे द्यायचे, तुम्ही "मिळाले" म्हणून ठेवून द्यायच्या. बंगल्यांवरची माणसं "राहू दे गं" म्हणतात आणि त्यांच्या त्या दोन शब्दांखाली आपण आयुष्यभर दबून राहतो. तुम्ही एकदाही राहू दे म्हणाला नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. पैसे घेतले म्हणून आभार कसे मानायचे, तेच मला कळत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर तुम्ही मागे लागलात, मागच्या खोलीत राहायला ये. गुडघा दुखतो, सोबत हवी. मी टाळत राहिले. फरश्यांवरचे चिंचोके मला पटले होते, पण दिवसभर काम करून उंबऱ्याबाहेर पडणं वेगळं आणि त्या घरात अंथरूण घालणं वेगळं. शेवटी तुम्ही रागावलात, "मी तुला एवढं शिकवलं ते तोंडदेखलं ऐकलंस का?" म्हणून मी आले. तुम्ही खोलीला पडदा लावून ठेवला होता, निळा. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी पडदा लावला नव्हता.

ते दिवस फार चांगले गेले. एवढंच लिहिते.

त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "आज आलं जरा जास्त घाल." मी आलं किसलं, चहा गाळला, कप घेऊन आले. तुम्ही खुर्चीत होता. पेपर मांडीवर होता. चहा हातात धरून मी हाक मारत राहिले, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? तुम्ही गेलात हा नाही. आणखी एक चिंचोका, हा.

मग तुमचे भाऊ आले, भाची मीनल आली, पुण्याला नेऊन सगळं केलं. तुम्हाला न्यायला आली तेव्हा मीनल पोटुशी होती, सातवा महिना असेल. मी भिंतीला लागून उभी राहिले. ती माझ्याकडे येताना दिसली तशी मी मागच्या दारानं निघून गेले.

पत्र्यांचे थोडे पैसे माझ्याकडे राहिले होते. शेवटचे. ते मी डब्यात बाजूला काढून ठेवले होते, द्यायला काही अडचण नव्हती. पण दिले नाहीत. ते असेपर्यंत तुमचं माझं काहीतरी चालू होतं. कोणाला वाटेल बाईनं बुडवले. मला रोज डबा उघडून बघितलं की वाटायचं, अजून महिना संपायचाय, अजून तुम्ही "मिळाले" म्हणायचंय.

गेल्या आठवड्यात बंगल्याच्या मालकानं सांगितलं, मॅडमची माणसं घर रिकामं करायला आली आहेत, आज संध्याकाळी जाणार. मी पैसे पदरात बांधले आणि गेले. ठरवलं होतं, फाटकावरून मालकाच्या हातात देऊन यायचं. पण मालक नव्हता. ओट्यावर मीनलच बसली होती, पाय सोडून, समोर पुस्तकांची खोकी. तिचे बाबा टेम्पो बघायला गेले होते.

"मावशी! आत या ना."

"हितंच बरी हाय."

"अहो या. मला उठवत नाही आणि मला चहा हवाय. आत्याच्या घरातला शेवटचा चहा, तो तुमच्याच हातचा हवा."

मी फाटकाला धरून उभी होते. तिला काय सांगायचं? आता नववा लागला होता. मी आत जावं आणि पुढे काही व्हावं, मग नळावर काय बोलतील ते मला तोंडपाठ होतं. मी काय म्हणेन तेही. ताई, तुमचं सगळं शिकवणं एकीकडे, आणि माझे पाय तिथेच. मग ती कष्टानं उठायला लागली, खोक्याला धरून, आणि खोकं सरकलं. मी पळत गेले आणि तिला दंडाला धरलं. धरल्यावर कळलं की मी आत आले आहे.

चहा केला. भांडी सगळी बांधली होती, एकच पातेलं बाहेर होतं. ती चहा पिताना म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून आम्हाला जरा झोप लागायची. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, हृदय थकलंय, एकटीनं राहू नका. बाबा किती मागे लागले, पुण्याला ये. ती म्हणाली, नाही, मी हिराला राहायला बोलावते."

"गुडगा," मी म्हणाले.

"काय?"

"मला गुडगा म्हनल्या व्हत्या."

मीनलनं कप खाली ठेवला. तिलाही हे माहीत नव्हतं.

ताई, मी चुलीपुढची बाई, पण एवढं मांडायला तुम्ही शिकवलंत. दुखणं आधी आलं. दुखण्यापायी तुम्ही मला बोलावलंत, आणि दुखण्यापायीच तुम्ही गेलात. मी नळासारखी नुसती तिथे उभी होते. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, एक घोट चहा होईतो. मग तुमचा राग आला. चार फरश्यांवर माझं सगळं आयुष्य मांडायला लावलंत आणि स्वतःचं दुखणं माझ्यापासून लपवलंत. मला कळलं असतं तर मी आलं कमी-जास्त करत बसले असते का? तुमच्याजवळ बसले असते. मग हेही कळलं की मला सांगितलं असतं तर मी आलेच नसते. उंबऱ्याबाहेरून पळाले असते. तुम्हाला ते माहीत होतं. एकाच्या मनात शिरत नाही म्हणायच्या, आणि माझ्या मनात बरोबर शिरलात.

अजून मला सकाळी पटतं, दुपारी पटत नाही. जाऊ नळावर बोलली की परत हंडा अर्धाच उचलून घरात येते. तुम्ही असता तर "ते कालचं" म्हणून रोज नव्यानं सांगितलं असतंत. आता मला एकटीलाच सांगावं लागतं, आणि माझा आवाज फार बारीक आहे.

मी पदराची गाठ सोडली. मीनल म्हणाली, "कसले पैसे?"

"पत्र्याचे. ताईंनी दिले व्हते. ह्ये शेवटचे."

"अहो मावशी, राहू…" ती म्हणायला लागली.

"ताई कवा राहू दे म्हनल्या न्हाईत," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं मी कोणाशी बोलल्याचं मला आठवत नाही.

तिनं हात पुढे केला. पोटुशी बाईला काही द्यायचं झालं तर मी जमिनीवर ठेवते आणि ती उचलून घेते, कित्येक वर्षांची सवय. मी खाली वाकायला लागले होते. वाकले नाही. नोटा तिच्या तळहातावर ठेवल्या. तिचा हात गरम होता आणि थोडा सुजलेला होता. तिनं माझ्यासमोर एकेक नोट मोजली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "मिळाले."

पत्र्यांचे पैसे फिटले, ताई. सगळे.